डावी नस

"छातीतली ही ग्रंथी लहानपणी कामाची असते," डॉक्टर दातार म्हणाले. "वयात आल्यावर तिचं काम संपतं. मग ती वाळत जाते. तुमच्या वयाला तिथे थोडीशी चरबी उरलेली असायला हवी होती."

"म्हणजे रिटायर झालेली म्हणा की," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि रिटायर झाल्यावर बाईला हा उद्योग सुचला."

डॉक्टर हसले नाहीत, पण पेन खाली ठेवून त्यांनी आत्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. माझे वडील, आप्पा, तिच्या पाठीमागे उभे होते. खोलीत तिसरी खुर्ची रिकामी होती तरी ते बसले नव्हते. मी आत्याच्या शेजारी, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट धरून.

दोन हजार चार सालच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि कराडजवळच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. आत्या बावन्न वर्षांची. तिचं नाव हौसाबाई. लग्नानंतर चार वर्षांत नवरा काविळीनं गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्या घरात होती. पुढे नगरपालिकेनं पोहण्याचा तलाव बांधला आणि बायकांना शिकवायला बाई पाहिजे अशी जाहिरात दिली, तेव्हा नदीत पोहून मोठी झालेली आत्या अर्ज घेऊन गेली. दुपारी चार ते पाच ही बायकांची वेळ. गावातल्या किती बायकांना तिनं पाण्यावर तरंगायला शिकवलं, याची मोजदाद कुणी केली नाही.

नवीन बायका पाण्याला घाबरत. मग आत्या त्यांच्यासमोर बुडी मारायची आणि तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळातून जाऊन वर यायची. "बघा, काय झालं का मला?" असं विचारायची. त्या दिवाळीच्या सुट्टीत ती मध्येच वर आली. घरी येऊन आईला म्हणाली, "वहिनी, आज श्वासानं दगा दिला." सोबत एक कोरडा खोकला होता, जो महिनाभर आम्ही कुणी मनावर घेतला नव्हता. मग एक्स-रे, मग स्कॅन, मग छातीत सुई घालून तुकडा काढला, आणि आम्ही पुण्याला डॉक्टर दातारांसमोर येऊन बसलो.

"थायमसचा, म्हणजे याच ग्रंथीचा कॅन्सर," ते म्हणाले. "फार कमी लोकांना होतो. माझ्याकडे वर्षाला दोन-तीन पेशंट येतात याचे."

"आपल्या घराण्यात साधं काही होतच नाही," आत्या मागे वळून आप्पांना म्हणाली. आप्पांनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी कोरा कागद ओढला. "तीन रस्ते आहेत. एक, सरळ ऑपरेशन. पण गाठ डाव्या बाजूला एका मोठ्या शिरेला चिकटल्यासारखी दिसते. आज उघडलं तर सगळी निघेल याची खात्री मी देणार नाही. दुसरा, ऑपरेशन नाहीच, फक्त केमो आणि रेडिएशन. त्यानं गाठ दबेल, काही दिवस दबून राहीलही. जाईल असं म्हणवत नाही. तिसरा, आधी केमो देऊन तिला आकसवायची, मग ऑपरेशन करून काढायची, आणि नंतर त्या जागेवर रेडिएशन. सहा-सात महिने जातील. माझं मत तिसऱ्याला."

"मग तिसरा," आत्या म्हणाली.

"अजून एक आहे." त्यांनी कागदावर दोन फुप्फुसं काढली आणि त्यांच्या खाली एक वाकडी रेघ. "हा पडदा. श्वास घेताना तो खाली जातो, म्हणून छातीत हवा येते. त्याला हलवणारी एकेक नस दोन्ही बाजूंनी मानेतून खाली उतरते. तुमची डावी नस गाठीच्या अगदी कडेनं जाते. ती गाठीत अडकलेली आहे की नुसती टेकली आहे, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. अडकलेली असेल तर दोनच गोष्टी करता येतात. गाठीबरोबर नस काढायची, म्हणजे आजार मुळापासून निघतो, पण डावीकडचा पडदा कायमचा बंद पडतो. नाहीतर नस ठेवायची, तिच्यावर गाठीचा पातळ थर राहू द्यायचा आणि तो रेडिएशननं जाळायचा प्रयत्न करायचा. तो पुन्हा वाढण्याची भीती राहते."

"पडदा बंद पडला तर माणूस जगतो?" आप्पांनी विचारलं. तेवढंच ते त्या दिवशी बोलले.

"जगतो. उजवा चांगला आहे. चालणं, घरकाम सगळं होतं. जिने हळू चढावे लागतात. आणि पाण्यात..." ते आत्याकडे वळले. "तुम्ही काय करता?"

"पोहायला शिकवते," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "छातीइतक्या पाण्यात गेलं की पाणी पोट दाबतं," ते म्हणाले, "आणि बंद पडलेला पडदा वर सरकतो. धाप लागते. पोहणं मग होत नाही."

आत्यानं तो कागद मागून घेतला, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "चला. चारची गाडी मिळेल."

केमोचे चार डोस होते, तीन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या डोसानंतर केस गेले. आत्यानं डोक्याला आईचा जुना स्कार्फ बांधला आणि आरशात बघून म्हणाली, "पोहायच्या टोपीची सवय आहे म्हणून बरं." उलट्या होत, तोंडाला चव नसे. चिडचिड मात्र तिनं केली नाही. तिच्या तलावातल्या बायका रोज कुणी ना कुणी येत. साठीतल्या जमीलाबी त्यांच्यातल्या सगळ्यात नवीन. तिसऱ्याच दिवशी त्यांचा वर्ग बंद पडला होता. एका दुपारी मी शाळेतून आले तर जमीलाबी आमच्या ओसरीतल्या बाकावर पालथ्या पडून हात मारत होत्या आणि आत्या उशीला टेकून त्यांच्यावर ओरडत होती, "कोपर वर. भाकरी थापताय काय?" जमीलाबी हसून हसून बाकावरून घसरल्या. आत्याही हसली, मग खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत जमीलाबी तिची पाठ चोळत राहिल्या.

फेब्रुवारीत, शेवटच्या डोसाच्या आधी, तिनं मला तलावावर न्यायला सांगितलं. डॉक्टरांनी पाण्यात जायला मनाई केली होती, म्हणून आम्ही कडेच्या कट्ट्यावर बसलो. बायकांची वेळ संपली होती, पुरुषांची सुरू व्हायची होती. पाणी हलत नव्हतं.

"वैजू," ती म्हणाली, "नस ठेवायची."

"आत्या, ते डॉक्टर..."

"डॉक्टरचं नाही हे. तुला सांगून ठेवते. माझं लग्न झालं, ते संपलं. पोरं नाहीत. ह्या पाण्यात उतरले की मला आठवत नाही की मी कुणाची कोण नाही. बाहेर आले की परत मी हौसा, आप्पाची बहीण, तुझी आत्या, वहिनीच्या घरात राहणारी. एक तास. बाकीचे तेवीस त्याच्यावर चालतात."

आमच्या घरात राहताना तिला असं काही वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माझी पहिली वेणी तिनं घातली होती, मला पहिल्यांदा पाण्यात तिनं सोडलं होतं. घर तिचंच आहे असं मी धरून चालले होते.

"आप्पाला नको सांगू," ती उठताना म्हणाली. "तो रडतो."

मार्चच्या मध्यावर आम्ही पुण्याला भरती झालो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर दातार वॉर्डात आले. गाठ निम्मी झाली होती, मोठ्या शिरेपासून सुटलेली दिसत होती. नसेचं मात्र कळत नव्हतं.

"तुमचा निर्णय काय?" त्यांनी विचारलं.

"उघडून बघा," आत्या म्हणाली. "अडकलेली असेल तर बाहेर या आणि हिला विचारा. ही म्हणेल ते."

आप्पा पुढे झाले. "अक्का, मी आहे की. मी भाऊ आहे."

"तू आहेसच. पण तुला तिथं उभं राहवणार नाही."

मी तिचा हात धरला. "आत्या, मला नको गं. मला नको सांगूस हे."

"एक शब्द तर बोलायचाय," ती म्हणाली. "आता जरा बाहेर जा दोघं. मला डॉक्टरांना बायकांचं काहीतरी विचारायचंय."

आम्ही बाहेर पॅसेजमध्ये थांबलो. पाच-सात मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे बघून थांबल्यासारखे झाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिला आत नेलं. साडेअकराच्या सुमारास दार उघडलं आणि डॉक्टर आले. हिरवे कपडे, मास्क गळ्यात ओढलेला. आम्ही दोघं उठून उभे राहिलो.

"गाठ सगळीकडून सुटली आहे," ते म्हणाले. "एका जागेवर, साधारण दोन इंच, डावी नस गाठीच्या आतून गेलेली आहे."

"काढली नाही तर?"

"थर राहील. रेडिएशन देऊ. पण हा आजार चिवट आहे. मला स्वतःला तो थर आत ठेवावासा वाटत नाही."

"आणि काढली तर तिला पोहता येणार नाही."

"नाही."

मी आप्पांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला आत्याचं तलावावरचं बोलणं शब्द न् शब्द आठवत होतं. एक तास आणि बाकीचे तेवीस. ती काय म्हणाली होती हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच तिनं मला तिथं उभं केलं होतं, हेही माहीत होतं. मी तिच्या बाजूनं विचार केला नाही. मी माझ्या बाजूनं केला. मला ती पाहिजे होती. ओसरीत, स्वयंपाकघरात, कशीही.

"काढा," मी म्हणाले.

"नक्की?"

"काढा."

दार बंद झालं. आप्पा वळले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. मला वाटलं, माझ्या डोक्यावर हात ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या आयसीयूतून वॉर्डात आली. छातीवर गळ्याखालपासून खाली लांब पट्टी होती. श्वास आखूड होता, दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी तिला स्वतः सांगितलं, गाठ पूर्ण निघाली, डावी नस काढावी लागली.

ते गेल्यावर तिनं विचारलं, "कोण म्हणालं, काढा?"

"मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान खिडकीकडे फिरवली. तेवढंच तिला तेव्हा फिरवता येत होतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आधी मला वाटलं, दुखत असेल. मग वाटलं, घरी गेल्यावर बोलेल. घरी ती आईशी बोलायची, आप्पांशी बोलायची, जमीलाबींशी तर तास तास. मी खोलीत आले की गप्प. आत्याचा राग असा कधीच नव्हता. ती चिडली की ओरडायची आणि पाच मिनिटांनी "चहा टाक" म्हणायची. हे काहीतरी वेगळंच होतं.

आणि एप्रिलच्या शेवटी रेडिएशन सुरू झालं. अठ्ठावीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. रोज पुण्याला जाऊन येणं शक्य नव्हतं, म्हणून हॉस्पिटलजवळ एका बाईंची माडीवरची खोली घेतली. शाळेला सुट्टी लागत होती, तेव्हा सोबतीला मीच. एक खोली, एक खिडकी, एक गॅस, दोन गाद्या, आणि माझ्याशी न बोलणारी आत्या.

पहिल्या दिवशी सकाळी ती गॅससमोर उभी राहून पातेल्याला म्हणाली, "कुणाला चहा पाहिजे असेल तर आत्ताच सांगावं. परत टाकणार नाही."

मी खिडकीला म्हणाले, "पाहिजे. साखर कमी."

असं सुरू झालं. ती भांड्यांशी बोलायची, मी भिंतींशी. "आज मशीन बंद आहे म्हणे, उद्या बोलावलंय," मी दाराला सांगायचे. "मग भाजी जास्त आणायला हवी होती," ती पिशवीला म्हणायची. एकदा मी चुकून मिठाऐवजी खायचा सोडा घातला आणि तिनं पहिला घास तोंडात घेऊन आमटीकडे अशा नजरेनं बघितलं की मला हसू फुटलं. तिचेही ओठ हलले. मग ती पटकन उठून तोंड धुवायला गेली.

दर रविवारी ती माझ्या केसांना तेल लावायची. न बोलता माझा खांदा दाबून मला खाली बसवायची आणि लहानपणी लावायची तसंच, बोटं रुतवून, डोकं गदागदा हलवत लावायची. तिच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हा बोटभर केस नव्हते. एका रविवारी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, बोल की गं. शिव्या दे हव्या तर." तिची बोटं थांबली. मग परत सुरू झाली.

त्या खोलीला सतरा पायऱ्या होत्या. ती सहाव्या पायरीवर थांबायची, बाराव्या पायरीवर थांबायची. मी दोन पायऱ्या मागे. तिला धरलेलं चालत नसे. मे महिन्याच्या मध्यावर, उन्हातून परत आलो त्या दिवशी, ती चौथ्याच पायरीवर थांबली. मग पाचव्या. दहाव्या पायरीवर ती खाली बसली. चेहरा काळवंडला होता, तोंड उघडं, आणि हवा आत जात नसल्यासारखा एक आवाज. मी तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला.

"बघ," ती म्हणाली. श्वास घेतला. "हे बघ. नीट बघ. हे तू केलंस."

"होय," मी म्हणाले.

"मी तुला सांगितलं होतं."

"होय. सांगितलं होतंस."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जिन्यात बसलेल्या, धापा टाकणाऱ्या बाईला देण्यासारखं नव्हतं. मला तू पाहिजे होतीस, हे काय उत्तर झालं? ती कठड्याला धरून उठली आणि उरलेल्या सात पायऱ्या एकटी चढून गेली. मी खालीच बसून राहिले. खालच्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी मला पाणी दिलं.

वर गेले तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं.

जूनच्या तीन तारखेला शेवटची बैठक झाली. शुक्रवार होता. रेडिएशन आटोपल्यावर आत्या कपडे बदलायला गेली आणि मी फाईल घेऊन डॉक्टर दातारांच्या खोलीत. त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा चाळले.

"कडा सगळ्या स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "नस काढली ते बरं झालं. तीन महिन्यांनी स्कॅन करू." मग फाईल बंद करताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुमच्या आत्याबाई पक्क्या आहेत. काय झालं तरी अडकलेली नस काढा म्हणून आदल्या दिवशीच सही करून दिली होती. मी म्हटलं, सही दिलीत तर मग बाहेर जाऊन मुलीला विचारायचं कशाला? तर म्हणाल्या, विचारा, ते तुम्हाला नाही कळायचं. खरं सांगू, मला अजून कळलेलं नाही."

मी फाईल घेतली. त्यांचे आभार मानले की नाही, ते आठवत नाही.

आत्या कँटीनमध्ये बसली होती, समोर दोन चहा. एक माझ्या बाजूला सरकवलेला. मी तिच्यासमोर बसले.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू डॉक्टरांना काय सांगितलंस?"

ती चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिली. मग अकरा आठवड्यांत पहिल्यांदा ती राग सोडून, सरळ माझ्याकडे बघून बोलली. "सांगितलं त्यानं?"

"मी ठेवा म्हणाले असते तर?"

"तरी काढलीच असती. सही दिली होती. जगायचं होतं मला, वैजू. तलावावर तुला बोलले तेव्हा खरंच वाटत होतं, नस गेली तर काय राहिलं. मग त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई गेली, तुझ्यासमोर नाही, दुपारी तू जेवायला गेली होतीस तेव्हा. तिची पोरगी तिच्या पायाशी बसली होती. त्या पोरीकडे बघत बसले मी. मग ठरवलं."

"मग मला का विचारायला लावलंस?"

"तू काढाच म्हणशील, हे माहीत होतं."

"पण का?"

ती श्वास जमवत होती, की शब्द, कळेना.

"हे गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, नशीब. सासू म्हणाली नशीब, माझी आई म्हणाली नशीब. नशिबावर चिडायचं कसं? त्याला ना तोंड, ना कान. पंचवीस वर्षं तो राग घेऊन फिरले. पाण्यात उतरले की तेवढा वेळ विसरायचे. आता पाणीच जाणार म्हटल्यावर कळलं, ह्या वेळी जर कुणी समोर नसलं तर मी आतल्या आत कुजून मरेन, कॅन्सरची गरजच नाही. मला चिडायला माणूस पाहिजे होतं. डॉक्टरवर चिडावं तर तो परका. आप्पावर चिडले तर तो आठ दिवसांत अंथरूण धरेल. वहिनीचं तर खातेय मी."

"आणि मी?"

"तू कुठं जातीयस मला सोडून?" ती म्हणाली. अगदी साधेपणानं, बसची वेळ सांगावी तसं.

"म्हणजे तो राग खोटा होता."

"खोटा? लई खरा होता. सही माझी, तरी तुझं तोंड दिसलं की वाटायचं हिनंच केलं. जिन्यात बोलले ते मनापासून बोलले. त्या दिवशी बोलले आणि वर जाऊन झोपले, तर पहिल्यांदा छाती हलकी वाटली. नंतरचे पंधरा दिवस नुसती सवय म्हणून गप्प होते."

"नंतरचे पंधरा दिवस," मी म्हणाले.

"आता सुरू केलं होतं तर एकदम कसं थांबायचं?"

"मला सांगता आलं असतं, आत्या. आधीच."

"सांगून चिडता येतं होय?"

अकरा आठवडे मी रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरचं ते दार बघत होते. अकरा आठवडे मी स्वतःला विचारत होते की मी तिच्यावर प्रेम केलं की तिला लुटलं. आणि ही बाई समोर चहा पीत होती. मी माझा कप तसाच ठेवून उठले आणि सामान बांधायला खोलीवर निघून आले.

आत्या त्यानंतर बारा वर्षं जगली. पंधरा जूनला ती तलावावर हजर झाली. नगरपालिकेनं तिला काठावर खुर्ची दिली आणि तिच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी पाण्यात ठेवली. ही खुर्चीवरून ओरडायची, ती मुलगी पाण्यात बायकांना धरायची. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात आत्या पुन्हा कधी गेली नाही. जमीलाबी त्याच पावसाळ्याच्या शेवटी तलावाची रुंदी पार करून गेल्या आणि काठाला धरून आत्याच्या पायाशी खूप वेळ हसत राहिल्या. आठव्या वर्षी फुप्फुसाच्या आवरणावर एक छोटी गाठ परत आली. पुन्हा केमो, पुन्हा पुण्याच्या फेऱ्या, आणि अजून चार वर्षं मिळाली. शेवटच्या आठवड्यात ती घरीच होती आणि आम्ही सगळे तिच्याजवळ होतो. त्या बारा वर्षांत आम्ही दोघी पुष्कळदा भांडलो आणि दर वेळी संध्याकाळपर्यंत मिटवलं.

पण त्या शुक्रवारी स्वारगेटला आम्ही गाडीत बसलो तेव्हा मी खिडकी घेतली आणि बाहेर बघत राहिले. ती शेजारी बसली. गाडी सुटली आणि आत्या बोलायला लागली. अकरा आठवड्यांचं साचलेलं सगळं. खालच्या बाईंचा जावई कसा आहे, रेडिएशनच्या मशीनवरची पोरगी कुणाच्या प्रेमात पडली आहे, माझी आमटी कशी दिवसेंदिवस सुधारत गेली, माझ्या केसांत आतापासून एक पांढरा कसा दिसला आणि तिनं तो मला न सांगता कसा उपटला. दोन वाक्यांमध्ये थांबायची, श्वास घ्यायची, पुढे चालू. मी काहीच बोलले नाही. खंबाटकीचा घाट आला, तिनं माझ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. मी ते खाल्लं, पण बोलले नाही. साताऱ्याला गाडी थांबली, ती म्हणाली, "उतरायचंय का पाय मोकळे करायला?" मी नुसती मान हलवली. मग ती जरा वेळ माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी खांदा हलवला नाही.

कराडला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. आप्पा स्टँडच्या दुसऱ्या टोकाला आम्हाला शोधत होते, त्यांना आम्ही अजून दिसलो नव्हतो. आत्या बॅगेवर बसली, श्वास जमवला आणि वर माझ्याकडे बघितलं.

"अजून राग आहे?"

"आहे," मी म्हणाले. स्वारगेटपासून तेवढाच शब्द.

तिचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं ती मनवेल. तिनं फक्त स्कार्फ नीट केला आणि मला ओढून बॅगेवर आपल्या शेजारी बसवलं.

"असू दे," ती म्हणाली. "सावकाश जाऊ दे. घाई नाही."